जनसंपर्कात यायचंय? एजन्सी, कंपनी, सरकारी खातं की स्वतंत्र काम, हे कसं ठरवायचं

"मॅडम, पीआरमध्ये यायचं तर एजन्सी बरी की कंपनी?" पत्रकारितेचा, मास मीडियाचा नाहीतर एमबीएचा शेवटचा पेपर झाला की मुलं हा प्रश्न विचारायला लागतात. (एजन्सी म्हणजे फी घेऊन अनेक कंपन्यांचं जनसंपर्काचं, म्हणजे पीआरचं, काम करणारी संस्था.) त्यांच्या मनात बहुतेक वेळा पगाराचा आकडा असतो, आणि तो असायलाच हवा. तरीही पहिली नोकरी निवडताना मी आधी एक गोष्ट बघायला सांगते: तुम्ही लिहिलेल्या कागदावर लाल पेन कोण फिरवणार आहे? जिथे तुमची प्रेसनोट कुणी जाणकार वाचतो, खोडतो आणि परत लिहायला लावतो, ती नोकरी घ्या. जिथे पहिल्या दिवसापासून तुमचा मसुदा जसाच्या तसा बाहेर जातो, तिथे पगार चार पैसे जास्त असला तरी काम शिकायला फार वेळ लागतो.

मी नाशिकच्या एका दैनिकात डेस्कवर सुरुवात केली. मग मुंबईत एजन्सी, नंतर सातपूरच्या एका कारखान्यात कम्युनिकेशनचं काम, आणि आता गंगापूर रोडला स्वतःचं ऑफिस. एवढ्या बाजू आतून बघितल्या म्हणून तुलना करून सांगते. सरकारी काम मी बाहेरूनच बघितलंय, पण जवळून.

लाल पेनाने काय होतं

समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष कंपनीच्या नव्या शीतगृहाचं उद्घाटन आहे. नवखा मुलगा लिहितो: "आमच्या कंपनीच्या अत्याधुनिक शीतगृहाचा भव्य उद्घाटन सोहळा मान्यवरांच्या शुभहस्ते अत्यंत उत्साहात संपन्न झाला." चांगला वरिष्ठ यातलं 'अत्याधुनिक', 'भव्य', 'मान्यवर', 'अत्यंत उत्साहात' एका दमात खोडतो आणि समासात प्रश्न लिहितो. किती टनांचं? आत्तापर्यंत माल कुठे ठेवायचे? बाहेरच्या शेतकऱ्याला जागा मिळणार का? भाडं कोण भरणार? मुलगा फोन लावतो, कंपनीच्या माणसाला गाठतो आणि दुसरा मसुदा आणतो: "दिंडोरी परिसरातल्या द्राक्ष उत्पादकांना निर्यातीचा माल थंड करण्यासाठी आता पिंपळगावपर्यंत न्यावा लागणार नाही. ५०० टन क्षमतेचं शीतगृह सोमवारपासून सुरू होत असून सभासद नसलेल्या शेतकऱ्यांनाही तिथे भाड्याने जागा मिळेल." आता ही बातमी झाली. उपसंपादकाला शीर्षक सुचायला वेळ लागणार नाही.

मग येते फोटोओळ. फोटोत सातजण आणि ओळीत सहा नावं गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्याचा फोन ठरलेला. चांगला वरिष्ठ फोटो समोर धरतो आणि डावीकडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव, आडनाव, हुद्दा मोठ्याने वाचायला लावतो. ही सवय हाडात मुरवून घ्यायला रोज तपासणारं माणूस लागतं. आता प्रत्येक वाटेवर असं माणूस मिळण्याची शक्यता किती, ते बघू.

एजन्सी

पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी माझं मत एजन्सीच्या बाजूने आहे. ॲडफॅक्टर्स, एडलमन, एमएसएल यांसारख्या मोठ्या एजन्सींचं मुख्य काम मुंबई, दिल्ली, बंगळुरूसारख्या महानगरांत चालतं, त्यामुळे नाशिकच्या मुलाला घर सोडण्याची तयारी ठेवावी लागते. काही जण विचारतात, पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाऊन जमेल का? नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी पकडून मुंबईत नोकरी करणारे पासधारक पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण एजन्सीच्या पहिल्या वर्षी हे करू नका. ऑफिसात पोचायच्या आधीच ट्रॅकिंग गेलेलं असायला हवं, म्हणजे क्लायंटबद्दल, त्याच्या स्पर्धकांबद्दल आणि त्या धंद्याबद्दल सकाळच्या पेपरात, वेबसाइटवर काय आलंय त्याची यादी. आणि संध्याकाळी नेमकं परतीच्या गाडीच्या वेळेला बातमीदाराचा फोन येतो: "तो आकडा कन्फर्म करून द्या, पान छपाईला सोडायचंय."

एजन्सीत एका माणसाकडे एकाच वेळी तीन-चार क्लायंट असतात. एक बँक, एक हॉस्पिटल, एक स्टार्टअप. सकाळी व्याजदर वाचायचे, दुपारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहायचं. इतक्या विषयांची इतक्या लवकर ओळख दुसरीकडे होत नाही. शिवाय मसुदा तुमच्याकडून टीम लीडकडे, तिथून अकाउंट मॅनेजरकडे, मग क्लायंटकडे जातो. तीन हातांनी खोडलेला कागद तुमच्याकडे परत येतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते सगळे कागद जपून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी वाचा.

त्रासही आहे. कामाचे तास लांबतात, माणसं लवकर नोकऱ्या बदलतात, त्यामुळे ज्याच्याकडून शिकायचं तोच सहा महिन्यांत निघून जाऊ शकतो. दुसरं म्हणजे मासिक रिपोर्ट. अजूनही कित्येक ठिकाणी छापून आलेली बातमी कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजतात, तिला जाहिरातीच्या दराने गुणतात आणि "इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली" असं क्लायंटला दाखवतात. २०१० मध्ये बार्सिलोनात या व्यवसायातल्या लोकांनी जी तत्त्वं मान्य केली, त्यांत हे गणित जनसंपर्काचं मोल दाखवत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. मुलाखतीत विचाराच: "तुम्ही कामाचं मोजमाप कसं करता?" लोकांपर्यंत काय पोचलं, त्यांनी पुढे काय केलं, हे बोलणारी एजन्सी मिळाली तर ती सोडू नका. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा. माझा मसुदा कोण तपासणार? आणि माझ्याकडे किती क्लायंट असतील? सहा-सात असं उत्तर आलं, तर तुमचा दिवस मेल पुढे ढकलण्यातच जाईल.

क्लायंट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल, तर तिमाही निकालाची प्रेसनोट तुमच्या लॅपटॉपवर निकाल जाहीर व्हायच्या आधी येते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे आतल्या माहितीवर केलेल्या शेअर व्यवहारांच्या, नियमांत ही माहिती हाताळणारा एजन्सीचा माणूससुद्धा सापडतो. घरी, मित्रांत, कुठेही बोलायचं नाही आणि त्या शेअरच्या वाटेला जायचं नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी ही जबाबदारी अंगावर येते हे आधीच माहीत असलेलं बरं.

कंपनीतली नोकरी

नाशिकमध्ये कारखाने भरपूर. सातपूर, अंबड, सिन्नर, वाहनं आणि त्यांचे सुटे भाग, विजेची उपकरणं, औषधं. पण मोठ्या कंपन्यांचा कम्युनिकेशन विभाग बहुतेक वेळा मुख्यालयात, म्हणजे मुंबई-पुण्यात किंवा त्याहून लांब असतो. इथल्या प्लांटवर हे काम एचआर, ॲडमिन, सीएसआर (कंपनीचं सामाजिक काम) किंवा लायझनिंगच्या (सरकारी खात्यांशी संपर्काच्या) माणसाकडे असतं. त्यामुळे नोकरीच्या साइटवर नुसतं 'पब्लिक रिलेशन्स नाशिक' शोधून हात हलवत परत येऊ नका. 'सीएसआर एक्झिक्युटिव्ह', 'एम्प्लॉयी एंगेजमेंट', 'इंटर्नल कम्युनिकेशन' हेही शोधा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे काम गावोगाव चालतं आणि त्याचं लिखाण, फोटो, अहवाल करणारं माणूस लागतं. जनसंपर्कात शिरायचं हे दार बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

कंपनीत एकाच विषयात खोल जाता येतं. मी सातपूरला असताना शॉप फ्लोअरवर जायचे, फोरमनकडून मशीन समजून घ्यायचे, कँटीनमध्ये कामगारांशी बोलायचे. गृहपत्रिका काढायची, सुरक्षा सप्ताहाचे फलक लिहायचे, व्यवस्थापनाचं परिपत्रक कामगाराला एका वाचनात कळेल असं करायचं. ज्या दिवशी कारखान्यात अपघात होतो, त्या दिवशी या सगळ्याचा कस लागतो. गेटवर बातमीदार आणि नातेवाईक एकाच वेळी येतात. आधी कुटुंबाला सांगायचं, मग कामगारांना, मग पत्रकारांना, आणि जे नक्की माहीत आहे तेवढंच. हा क्रम आधीपासून लेखी ठरलेला असेल तरच पाळला जातो. नोकरी घेताना विचारा, असा काही कागद कंपनीत आहे का. नसेल आणि तुम्हाला तो लिहू देणार असतील, तर नोकरी चांगली आहे.

लाल पेनाची अडचण मात्र इथेच जास्त. लहान कंपनीत तुमच्यावर साहेब असतो एचआरचा. त्याला लेखनातलं कळेलच असं नाही, तो 'भव्य' खोडण्याऐवजी वाढवायला सांगतो. म्हणून फ्रेशरला मी थेट कंपनीत पाठवत नाही. एजन्सीत किंवा पेपरात दोन वर्षं काढून आलेल्यासाठी हीच नोकरी उत्तम. वेळ बऱ्यापैकी ठरलेली, पीएफ, मेडिक्लेम आणि नाशिकमध्ये घर.

नाशिकचे दोन धंदे वेगळे सांगते, कारण त्यांत जनसंपर्काचं वजन मोठं आहे. पहिला वाईनचा. दारूच्या जाहिरातीला टीव्हीवर बंदी आहे, म्हणून वाईनरीला लोकांपर्यंत पोचायचं तर भेटी, टेस्टिंग, द्राक्षतुडाईचे कार्यक्रम, पर्यटनावरचे लेख यांवरच भर द्यावा लागतो. सुला २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात आली, त्यामुळे या धंद्यात आता गुंतवणूकदारांशी बोलण्याचं कामही आहे. ज्याला पाहुणचार, इंग्रजी लेखन आणि शनिवार-रविवारचं काम चालतं, त्याने इथे जरूर बघावं.

दुसरा द्राक्ष निर्यातीचा. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला. त्या वेळी परदेशी खरेदीदाराला काय कळवायचं आणि इथे बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय सांगायचं, ही दोन्ही कामं जनसंपर्काचीच होती. शेतकरी उत्पादक कंपन्यांना मराठीत नीट लिहिणारी, बागेत जाऊन बोलणारी माणसं हवी असतात. शेतकऱ्याच्या घरातली मुलं इथे शहरी मुलांपेक्षा चार पावलं पुढे असतात, आणि त्यांनी ती गोष्ट अर्जात ठळक लिहावी.

सरकारी वाट

राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याखाली विभागीय कार्यालयं आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय. इथली अधिकारी पदं लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतून भरली जातात. पदवीसोबत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि काही पदांना अनुभव लागतो, म्हणून पेपरात किंवा एजन्सीत केलेल्या कामाचं अनुभव प्रमाणपत्र, नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून फाइलला लावा. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो. नुसती तिची वाट बघत घरी बसू नका, काम करत करत तयारी करा.

या कामाचा आवाका मोठा आहे. पालकमंत्र्यांचा दौरा, अतिवृष्टीच्या वेळची सूचना, योजनांची माहिती, पत्रकारांच्या अधिस्वीकृतीपत्रिका (सरकारमान्य ओळखपत्रं), सरकारी जाहिरातींचं वाटप. मंत्र्यांचं भाषण संपल्यावर थोड्या वेळात बातमी फोटोसह पत्रकारांना जायला हवी, आणि तिच्यातला एकही आकडा चुकून चालत नाही. वेगात अचूक लिहायला शिकवणारी ही शाळा आहे. सिंहस्थाच्या काळात तर या कामावर माणसांचे जीव अवलंबून असतात. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला झालेली चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत. कुठला घाट बंद, पायी मार्ग कुठून वळवलाय, हरवलेला माणूस कुठे शोधायचा, हे परगावाहून आलेल्या भाविकाला त्याच्या भाषेत वेळेवर कळणं ही जनसंपर्काची सर्वांत मोठी सेवा आहे. येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरलं आहे. त्या निमित्ताने कंत्राटी कामंही निघतील: भाषांतर, सोशल मीडिया, माध्यम कक्ष. नुकतं शिक्षण संपलेल्यांनी ती जरूर करावीत. मात्र करार कुणाशी आहे, तो कधी संपतो आणि पैसे कोण देणार, हे लेखी घ्या.

विद्यापीठं हीसुद्धा याच बाजूला धरा. १९८९ चं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ चं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही नाशिकची. परीक्षा पुढे गेली की राज्यभरातले विद्यार्थी एकदम फोन करतात. त्यांना शांतपणे, न चुकता उत्तर देणं हा तिथल्या कामाचा गाभा. जागा थोड्या, म्हणून संकेतस्थळावर नजर ठेवावी लागते.

हॉस्पिटलच्या 'पीआरओ पाहिजे' या जाहिरातींबद्दल सावध करते. नाशिकमध्ये त्या सतत असतात, आणि बऱ्याच ठिकाणी काम असतं रुग्णाच्या नातेवाइकांना सांभाळायचं, कॅशलेसचे कागद फिरवायचे, गावोगावच्या डॉक्टरांना भेटायचं. काम सन्मानाचंच आहे, पण त्यात लिखाण आणि माध्यमं जवळपास नसतात. हजर होण्याआधी कामाची यादी मागून घ्या.

आधी पेपर?

जमत असेल तर हो, एखादं वर्ष. पगार कमी, रात्रीची ड्यूटी, पण डेस्कवर रोज ढीगभर प्रेसनोटा येतात आणि त्यांतल्या कुठल्या कचऱ्याच्या टोपलीत जातात हे डोळ्यांनी दिसतं. ग्रामीण आवृत्तीची पानं शहराच्या आधी सुटतात, म्हणून मालेगाव-कळवणची बातमी संध्याकाळी सातला पाठवून उपयोग नसतो, हे मला तिथेच कळलं. प्रेसनोट दुपारी चारच्या आत, युनिकोड मराठीत, वर्डच्या फाइलमध्ये किंवा मेलच्या मजकुरात, फोटो वेगळा जोडून. स्कॅन केलेलं लेटरहेड पाठवलं तर उपसंपादकाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, आणि घाईच्या वेळी तो ते बाजूला ठेवतो.

स्वतंत्र काम

हे सगळ्यांत शेवटी करा, निदान दोन ठिकाणचा अनुभव गाठीशी बांधून. नाशिकमध्ये स्वतंत्र माणसाचं बरंचसं उत्पन्न मुंबई-पुण्याच्या एजन्सींच्या स्थानिक कामातून येतं. त्यांच्या क्लायंटची इथे पत्रकार परिषद असते. तुम्ही हॉल ठरवता, निमंत्रणं पाठवता, बातमीदारांना आठवण करता, दुसऱ्या दिवशी कात्रणं स्कॅन करून पाठवता. जोडीला दोन-तीन स्थानिक क्लायंट महिन्याच्या रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या मासिक फीवर, मिळाले की घर चालतं. लाल पेन मात्र आता तुमच्याच हातात असतं, म्हणून एखादा जुना सहकारी शोधा आणि एकमेकांचे मसुदे वाचायचं ठरवून टाका.

पैशाचं सांगते, कारण मुलं इथेच मार खातात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती मोफत आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी तुमचं बिल ४५ दिवसांच्या पलीकडे लांबवता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. नोंदणी क्रमांक बिलावर छापा. व्यावसायिक फीमधून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. रिटर्न भरलं तर जादा गेलेला परत मिळतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. आणि कामाची व्याप्ती कागदावर हवीच: महिन्याला किती प्रेसनोट, किती परिषदा, सोशल मीडिया धरलाय की नाही.

बातमी छापून येण्याची हमी कधी देऊ नका. क्लायंट म्हणेल, "अमुक माणूस पाकीट देऊन छापून आणतो." अशा वेळी काम सोडायची ताकद ठेवा. जाहिरात हवी असेल तर जाहिरात म्हणूनच द्या, पावतीसह. निवडणुकीच्या हंगामात उमेदवारांची कामं येतात, पैसा रोख आणि झटपट असतो. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातीवर, निवडणूक यंत्रणेच्या माध्यम प्रमाणन समितीची नजर असते आणि पुढची पाच वर्षं बातमीदार तुम्हाला त्या पक्षाचा माणूस समजतात. मी ही कामं घेत नाही.

अर्जासोबत काय जोडायचं

फ्रेशरकडे अनुभव नसतो, म्हणून तो तयार करावा लागतो. ओळखीतली एक खरी गोष्ट निवडा: आईचा बचत गट, सोसायटीचं पावसाचं पाणी साठवण्याचं काम, काकांची रोपवाटिका. त्यावर मराठीत एक पानाची प्रेसनोट लिहा, तीच इंग्रजीत स्वतंत्रपणे लिहा, आणि व्हॉट्सॲपवर जाईल असा चार ओळींचा मजकूर करा. मग बातमीदार विचारेल असे दहा अडचणीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहा. रोपं मेली तर पैसे परत देता का? गटाचा हिशेब कोण तपासतं? हे उत्तरांचं पान बहुतेक अर्जांत नसतंच, त्यामुळे अर्ज वाचणारा तिथे थांबतो. सगळं मिळून चार पानांच्या वर जाऊ देऊ नका. मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा की कुठलं काम हवंय आणि कधीपासून येऊ शकता. मुलाखतीला बोलावणं आलं की त्या कंपनीबद्दल गेल्या महिन्यात छापून आलेल्या तीन बातम्या वाचून जा, आणि त्यांतली एक तुम्ही कशी लिहिली असती ते कागदावर घेऊन जा.